सासऱ्यांसाठी शिवलेलं कॉर्सेट

चूक माझी आहे, ती आधीच सांगून टाकतो. माझ्या सासऱ्यांना मी बायकांचं कॉर्सेट घालून शारजाच्या बागेत फिरवलं. ते कॉर्सेट आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण ते मीच शिवलं होतं.

हमरिया फ्री झोनमधल्या एका लहानशा कारखान्यात मी प्रॉडक्शन बघतो. आमच्याकडे कंबर आवळून बारीक दाखवणारी कॉर्सेट बनतात, आणि लग्नाच्या गाऊनच्या आतला सांगाडा बनतो. इकडच्या लग्नांत बायकांचा हॉल वेगळा असतो. अंगभर काळा अबाया घालून आत शिरलेल्या बायका हॉलमध्ये काय काय घालून मिरवतात ते मी कधी पाहिलेलं नाही, पाहणं शक्यही नाही. पण त्यातल्या बऱ्याच जणींच्या कमरेचा घेर कसा आला, ते मी सांगू शकतो.

हे काम मला मनापासून आवडतं. लोकांना वाटतं, कापड घट्ट शिवलं की झालं कॉर्सेट. नुसतं घट्ट शिवलेलं कापड घटकाभरात चुरगळून कमरेशी गोळा होतं. त्याला उभं धरायला आत पट्ट्या लागतात. आमच्या धंद्यात त्यांना बोन म्हणतात, कारण एके काळी त्या देवमाशाच्या जबड्यातून काढत. आता पोलादाच्या असतात, स्वस्त मालात प्लास्टिकच्या. पोलादातही दोन जाती. एक सपाट पट्टी, पांढरा लेप दिलेली, ती फक्त पुढे-मागे वाकते. दुसरी तारेची, वेटोळी घालून चपटी केलेली, ती सगळीकडे वळते. पाठीच्या मध्यावर सपाट घालायची आणि बरगड्यांवरून कमरेकडे येताना वेटोळ्याची. कापड जाड सुती लागतं, दाट विणीचं, ताणलं तरी न सैलावणारं. कमरेवर आतून एक फीत शिवतात. सगळा ताण तीच फीत घेते, कापड नुसतं नावाला असतं. पुढे आकडे आणि खुंट्या असलेली पोलादी पट्टी, मागे रिंगा आणि त्यातून ओवलेली दोरी.

हे मी तुम्हाला इतक्या मोकळेपणानं सांगतोय. सासऱ्यांना सांगायला मात्र माझी जीभ रेटली नव्हती.

ते नाशिकचे, शाळामास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेले. मी मुंबईची शर्टची फॅक्टरी सोडून इकडे आलो तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं होतं, "जावईबापू, नवीन कंपनी काय बनवते?" मी कॉर्सेटचं मराठी मनातल्या मनात शोधू लागलो. जे जे शब्द आले त्यातला एकही सासऱ्यांपुढे उच्चारण्यासारखा नव्हता. तेवढ्यात तोंडातून निघून गेलं, "पाठीचे पट्टे, बाबा. मेडिकल लाइन आहे."

"वा," ते म्हणाले. "म्हणजे सेवाच की."

बायको शेजारीच उभी होती. फोन ठेवल्यावर तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "सेवा," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

पुढे ते खोटं आपलं आपण वाढत गेलं. मला काहीच करावं लागलं नाही. सुट्टीत नाशिकला गेलो की सासरचे शेजारी मला आपापल्या पाठी दाखवत. मीही मान हलवून "वजन उचलू नका, पाटावर बसू नका" असं सांगू लागलो. सल्ला चुकीचा नव्हता, एवढाच काय तो माझा बचाव.

सासूबाई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले. व्हिजिट व्हिसावर, हिवाळ्यात. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे त्यांना आधीच संकोच. त्यांच्या पिढीला लेकीच्या घरचं पाणीही जड. ते थट्टेनं म्हणत, "पाणी चालेल, बाटलीतलं आहे." पण दूध स्वतः आणत, बिछान्याची घडी स्वतः घालत, आणि काही हवं-नको विचारलं की म्हणत, "सगळं उत्तम." भाजी खारट झाली तरी उत्तम. एसी अंगावर येत असला तरी उत्तम, फक्त डोक्याला मफलर. जावयाच्या घरात तक्रार करायची नाही, हा त्यांचा नियम होता. मला तो तेव्हा फार सोयीचा वाटला होता.

विमानात अवघडून बसल्यानं त्यांची पाठ धरली होती. ते सांगणार नव्हतेच. बायकोनं त्यांना बूट घालताना भिंतीला टेकलेलं पाहिलं आणि मग विषय निघाला.

"डॉक्टरकडे जाऊ या," मी म्हणालो.

"डॉक्टर कशाला?" ते म्हणाले. "घरात पट्टेवाले जावई असताना बाहेर जायचं? तुमच्या कंपनीचाच एक द्या की. मीही सांगेन लोकांना."

बायको चहा गाळत होती. तिनं गाळणं जरा जोरात आपटलं.

नंतर बेडरूममध्ये ती म्हणाली, "आता सांगून टाक. हसतील आणि विसरतील."

"सांगतो. पण आत्ताच आलेत. जरा रुळू दे."

"तुझं खोटं, तू सांभाळ. मी फक्त चहा करणार."

खाली फार्मसीत चांगला पट्टा मिळाला असता. पण त्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव छापलेलं असणार, आणि बाबा औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूरही वाचणारे. नाव खरवडून काढता आलं असतं म्हणा. खरी गोष्ट अशी की मला हौस आली. इतकी वर्षं मी ज्या कामाबद्दल गप्प होतो ते काम घरातल्या कुणाला तरी दाखवायची संधी होती, भले खोट्या नावाखाली. मी टेप घेऊन आलो. बाबा शिंप्यापुढे उभे राहावे तसे हात वर करून उभे राहिले. बरगड्या, कंबर, नितंब, सगळी मापं मी गंभीरपणे घेतली.

"फार शास्त्रशुद्ध आहे," ते लेकीला म्हणाले.

शुक्रवारी कारखाना बंद असतो. मी एकटाच गेलो आणि शिवायला बसलो. इथे माझी कामातलीही चूक झाली, तीही सांगतो. पुरुषाच्या धडाचा पॅटर्न आमच्याकडे नव्हताच. मी बायकांचाच घेतला आणि सगळीकडून वाढवला. पण तो कमरेला आत जाणारा आणि बरगड्यांशी बाहेर येणारा, आणि बाबांचं धड तर सरळ, पिंपासारखं. वर माझ्या डोक्यात बसलं होतं की पाठीला आधार म्हणजे पोलाद. म्हणून जिथे वेटोळ्याच्या पट्ट्या घालायच्या तिथेही मी सपाट घातल्या, लांबीनंही जास्त. आमच्या शिकाऊ मुलींपैकी कुणी असं केलं असतं तर मी सगळं उसवायला लावलं असतं.

कापडही हवं तसं शिल्लक नव्हतं. जाडसर असं एकच होतं, मोतिया रंगाचं, त्यावर बारीक फुलांची वीण. ते मी उलटं लावलं, फुलं अंगाकडे.

घरी आणून मी बाबांना ते बनियनवरून घालून दिलं. पुढचे आकडे लावले, मागून दोरी आवळली.

"ही बुटाची लेस कशाला?"

"ग्रिप येते, बाबा."

"आणि आतून नक्षी आहे हो. सुंदर आहे."

"इम्पोर्टेड कापड."

बाबा ताठ झाले. खरोखरच ताठ झाले, मास्तर असताना होते तसे. हॉलमधून एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "दुखणं अर्धं झालं." मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते, पण तो झाला होता, खोटं कशाला बोलू.

माझी मुलगी सोफ्यावर फोन बघत होती. आजोबा खोलीत गेल्यावर तिनं मान वर केली. "डॅड, इज दॅट अ कॉर्सेट?"

"हळू बोल."

"यू पुट आजोबा इन अ कॉर्सेट." ती खो खो हसली नाही, उलट गंभीर झाली. "ही विल टेल एव्हरीवन, यू नो."

तिचं बरोबर निघालं. आमच्या बिल्डिंगजवळच्या बागेत संध्याकाळी एक बाक भरतो. व्हिजिट व्हिसावर आलेल्या आई-वडिलांचा तो बाक. केरळचे, गुजरातचे, हैदराबादचे, सगळे हिंदीत बोलतात, आणि बोलणं एकाच गोष्टीवर, आपला मुलगा किंवा जावई किती मोठा आहे यावर. बाबांची तिथे रत्नागिरीकडच्या एका गृहस्थांशी दोस्ती जमली. तेही मुलाकडे आलेले. मुलगा दुबईच्या देरा बाजारात सुक्या मेव्याचा व्यापारी. मी त्यांना चाचा म्हणत असे आणि ते बाबांना मास्तर म्हणत. दोघं मराठीत बोलू लागले की बाकीचा बाक आदरानं गप्प होई.

त्या बाकावर बाबांनी पट्ट्याचं यथासांग कौतुक केलं. मी ऑफिसातून येताना ट्रॅफिकमध्ये अडकलेला असलो की बायकोचा मेसेज येई: "आज केरळवाल्यांनी शर्टावरून हात लावून पाहिला." दुसऱ्या दिवशी: "गुजराती काका किंमत विचारतायत. दिरहममध्ये सांगू की रुपयांत?"

मी गाडीत एकटाच हसत असे. मग हसू थांबे आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत बसे.

एक गोष्ट मला दिसली होती, पण मी तिचा अर्थ लावला नाही. बाबा सोफ्यावर बसायचे बंद झाले. जेवायलाही उभेच. "उभं राहून जेवलं की पचतं," म्हणत. बागेत बसले तर बाकाच्या कडेला, शाळेच्या ग्रुप फोटोत बसावं तसे. कॉर्सेट उभं राहण्यासाठी असतं. माणूस बसला की खालची टोकं मांडीत शिरतात आणि वरची बगलेकडे सरकतात. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. दर नव्या ग्राहकाला मी हेच समजावतो.

मी सकाळी उजाडण्याआधी निघतो, नाहीतर रस्ता तुंबतो. त्यामुळे बाबांची आंघोळ-पूजा मी कधी पाहिली नव्हती. नॅशनल डेची सुट्टी आली आणि त्या दिवशी मी घरी होतो. बाबा पंचा नेसून, उघड्या अंगानं, गंध उगाळत उभे होते. मी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आलो आणि थांबलो.

त्यांच्या दोन्ही बरगड्यांवर उभ्या रेघा होत्या, तांबूस-काळ्या. कुठली रेघ कुठल्या पट्टीची ते मी बोट ठेवून सांगू शकलो असतो. डाव्या बाजूला एका पट्टीच्या टोकाचं टोपण निघालं असणार, कारण तिथे कातडी सोलवटली होती आणि वर हळद लावलेली होती. शेजारच्या खुर्चीवर पट्टा पडला होता आणि त्याच्या आत, बरोबर त्या जागी, रुमालाची घडी टाचणीनं लावलेली होती.

"बाबा, हे टोचतंय तुम्हाला."

त्यांनी घाईनं उपरणं ओढून घेतलं. "छे हो. नवी चप्पल नाही का चावत? सवयीनं बसेल."

"पण सांगायचंत की."

"अहो, तुम्ही एवढं माप घेऊन केलंत. त्यात आमचंच अंग वेडंवाकडं, त्याला तुम्ही काय करणार?" आणि ते देवाकडे वळले.

तो क्षण होता बोलण्याचा. घरात शांतता होती. बायको बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, मुलगी झोपली होती. मी चहाचा कप हातात धरून उभा होतो आणि मी काय म्हणालो? "द्या, मी दुरुस्त करून देतो." संपूर्ण सुट्टीचा दिवस मी जेवणाच्या टेबलावर बसून त्या सपाट पट्ट्या काढल्या, घरात नमुन्याला ठेवलेल्या वेटोळ्याच्या घातल्या, टोकं घासून गुळगुळीत केली, कमरेची फीत सैल केली. हात कामात असले की मन गप्प बसतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. बायकोनं सगळं पाहिलं. तिनं चहाही केला नाही.

संध्याकाळी बाबा नवा केलेला पट्टा बांधून बागेत निघाले. मी बरोबर गेलो. खरं म्हणजे आता कसा बसतो ते पाहायला गेलो होतो, ग्राहकाच्या मागे ट्रायल रूमपर्यंत जावं तसा.

बाकावर चाचा एकटेच होते. एक पाय लांब करून बसले होते आणि हातानं मांडी दाबत होते.

"या, मास्तर. आज जावईबी आले? बरं झालं, मला तुमच्याशीच काम आहे."

"बोला ना, चाचा."

"माझ्यासाठी एक पट्टा करा. पैसे सांगाल ते. हा पाय बघा, सुन्न पडतो. रात्री बाथरूमला जाताना लटकतो, जसा दुसऱ्याचाच. डॉक्टर म्हणतो एमआरआय काढा, कदाचित सुरी लागेल. पोरगा मागे लागलाय, उद्याची अपॉइंटमेंट घेऊन बसलाय. मी म्हटलं, खलास, कॅन्सल कर. मास्तरांची पाठ बघ कशी सरळ झाली. पट्टा मिळाला की इन्शाल्ला काम होऊन जाईल."

"होणारच," बाबा म्हणाले. "यांचा हात आहे त्या कामात. माझं माप असं घेतलं की डॉक्टरनं घेतलं नसतं. जावईबापू, यांचंही घ्या माप. टेप आहे का जवळ?"

टेप माझ्या खिशात होता. तो नेहमी असतो.

मला वाटतं, बाबांच्या बरगड्यांनी जे झालं नाही ते त्या लटकत्या पायानं झालं. ही काही माझ्या चांगुलपणाची गोष्ट नाही. स्वतःच्या माणसाला टोचलं तर मी पट्ट्या बदलत बसलो, आणि परका माणूस ऑपरेशन टाळायला निघाला तेव्हा घाबरलो.

"चाचा, अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका," मी म्हणालो. "माझा पट्टा चालणार नाही."

"का? फ्री झोनचा माल बाहेर विकता येत नाही काय?"

"तसं नाही. त्याचं असं आहे की, पट्ट्यांचे दोन प्रकार असतात, सपाट आणि वेटोळ्याची, आणि पोलादाचा गुणधर्म असा की..."

"जावईबापू," बाबा म्हणाले, "आधी उत्तर सांगा. रीत नंतर."

वर्गात उभं केल्यासारखा मी उभा राहिलो. खरोखर उभा राहिलो. "आमची कंपनी पाठीचे पट्टे बनवत नाही. कधीच बनवत नव्हती. आम्ही बायकांसाठी कॉर्सेट बनवतो. लग्नाच्या गाऊनच्या आत घालतात ते. कंबर बारीक दिसावी म्हणून. बाबांनी घातलंय ते तेच आहे. त्यात औषधी काही नाही."

चाचांनी बाबांच्या शर्टाकडे पाहिलं. मग दुसरीकडे, झाडाकडे पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते. माणूस सभ्य होता, तोंडावर हसला नाही.

"म्हणजे ती फुलं..." बाबा म्हणाले.

"हो."

"आणि लेस?"

"हो, बाबा."

समोर मुलं सायकली फिरवत होती. चाचा पाय ओढत उठले. "मी पोराला फोन करतो," ते म्हणाले, "उद्या येतो म्हणून सांगतो." जाताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, कायबी म्हणा, फिगर झकास दिसते तुमची." आणि ते कुंपणाच्या बाजूला जाऊन फोनवर बोलू लागले.

मला वाटलं होतं बाबा चिडतील ते कॉर्सेटवरून. निदान बाकावर झालेल्या फजितीवरून तरी. ते शर्टावरून आकडे चाचपत होते.

"बायकांचं आहे म्हणून मला काही वाटत नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं शाळेच्या गॅदरिंगला पोरांना साड्या नेसवल्यात मी. नोकरीत कमीपणा काय आहे, तेही मला कळलं नाही. कष्ट करता, घर चालवता. तेव्हा फोनवर सांगितलं असतंत तर मी दोन मिनिटं गप्प बसलो असतो आणि मग विचारलं असतं, पगार वेळेवर देतात का?"

"हो, बाबा."

"मला टोचत होतं. ते मी सांगितलं नाही, ही माझी चूक. जावयाला कसं सांगायचं, म्हणून राहिलो. पण आज सकाळी तुम्ही पाहिलंत." ते माझ्याकडे बघत होते, रागानं नाही, एखादं गणित कुठे चुकलं ते शोधावं तसे. "पाहिल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

मी खोटं बोललो असतो तर ते त्यांना चाललंही असतं. ते म्हणाले असते, उत्तम.

"मला वाटलं की पट्ट्या बदलल्या की सांगावं लागणार नाही," मी म्हणालो. "तुमच्या अंगावरच्या रेघा पाहूनही मी तेवढाच विचार केला. माझं चुकलं, बाबा. कामाबद्दल खोटं बोललो ते तर चुकलंच, पण तुम्हाला दुखतंय हे बघून मी पुन्हा तेच तुम्हाला बांधून दिलं. मला माफ करा. घरी चला, मी ते सोडतो."